पेशींना धरून ठेवणारे प्रथिन

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)





अशा प्रसंगी वक्त्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे अशी रीत आहे. याच पटांगणात सतरंजीवर बसून मी अशी पुष्कळ भाषणे ऐकली आहेत. वक्ते शिक्षणाचे महत्त्व सांगत, मग अध्यक्ष शिक्षणाचे महत्त्व सांगत, आणि आम्ही मुले बक्षिसांच्या टेबलाकडे पाहत बसत असू. म्हणून ते महत्त्व मी आज सांगणार नाही. मी ज्या खोलीत रोज काम करते तेथे काय चालते, एवढेच सांगणार आहे. महत्त्व कशाला द्यावयाचे ते आपण ठरवावे.

मी विकृतिशास्त्राची डॉक्टर आहे. माझ्याकडे रोगी येत नाही. रोग्याच्या शरीरातला एक लहानसा तुकडा येतो. कधी तांदळाच्या दाण्याएवढा, कधी लिंबाएवढा. तो तुकडा फॉर्मालिनमध्ये मुरवतात, त्यातले पाणी काढून त्यात वितळलेले मेण भरतात आणि त्याची वडी पाडतात. मग त्या वडीचे मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर तीन ते चार मायक्रॉन जाडीचे काप काढतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीत असे पंधरा-वीस काप सहज बसतील. तो काप कोमट पाण्यावर सोडून अलगद काचपट्टीवर उचलावयाचा. हे काम पुस्तक वाचून येत नाही. त्याला हात बसावा लागतो.

काचपट्टीवर घेतलेला काप पाण्यासारखा पारदर्शक दिसतो. त्यात काही पाहावयाचे तर तो रंगवावा लागतो. आमचे आजोबा सूत रंगवीत. आमच्या घराला लोक रंगाऱ्याचे घर म्हणत. मी डॉक्टर झाले तेव्हा मोहल्ल्यातले एक बुजुर्ग म्हणाले, "चला, रंगाऱ्याचा धंदा सुटला." तो सुटलेला नाही. आम्ही पेशींची केंद्रके ज्या निळ्या रंगाने रंगवतो त्या रंगाचे मूळ द्रव्य मध्य अमेरिकेतील एका झाडाच्या गाभ्यातून निघते, आणि पूर्वी त्याने कापड रंगवीत. तो रंग पक्का बसावा म्हणून कापडाला जशी तुरटी लावीत तशी आम्हीही लावतो. धंदा तोच आहे. कापड मात्र माणसाच्या शरीराचे आहे.

आता मुख्य विषयाकडे येते. आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे हे आठवीतला विद्यार्थीही सांगेल. पण त्या पेशी एकमेकींना चिकटून का राहतात? हात हलवला तर त्वचा सुटी का होत नाही? आतड्यातून रोज अन्न जाते, तरी आतड्याचे अस्तर वाळूसारखे का ढासळत नाही?

मशिदीत नमाजला उभे राहताना इमामसाहेब आधी सफ सरळ करावयास सांगतात. खांद्याला खांदा लावा, मध्ये जागा सोडू नका, असे बजावतात. आपल्या त्वचेच्या, आतड्याच्या, स्तनातील दुग्धनलिकांच्या अस्तरातील पेशी तशाच सफ करून उभ्या असतात. त्यांना खांद्याला खांदा लावून ठेवणारे जे प्रथिन आहे, त्याचे नाव ई-कॅडहेरिन. ते पेशीच्या कडेला असते. त्याचा एक भाग पेशीबाहेर डोकावतो आणि शेजारच्या पेशीच्या तशाच भागाला धरतो. दुसरा भाग पेशीच्या आत असतो आणि कॅटेनिन नावाच्या सोबती प्रथिनांच्या साहाय्याने पेशीच्या सांगाड्याला बांधलेला असतो. या पकडीला कॅल्शियम लागते. कॅल्शियम नसेल तर हात ढिला पडतो.

हे शोधले कसे, ती हकीकत विद्यार्थ्यांनी ऐकण्यासारखी आहे. १९७० नंतरच्या दशकात मासातोशी ताकेइची नावाचे तरुण जपानी शास्त्रज्ञ क्योतोहून अमेरिकेतील बाल्टिमोर येथे संशोधनासाठी गेले. पेशी ट्रिप्सिन नावाच्या पाचक द्रव्याने सुट्या करावयाच्या आणि त्या पुन्हा एकत्र येतात का ते पाहावयाचे, असे त्यांचे काम होते. क्योतोत पेशी झटकन एकत्र येत, बाल्टिमोरमध्ये येईनात. दुसरा कोणी असता तर प्रयोग बिघडला म्हणून सोडून देता. यांनी बारकाईने पाहिले तेव्हा ध्यानात आले की बाल्टिमोरच्या ट्रिप्सिनमध्ये कॅल्शियम ओढून घेणारे एक रसायन मिसळलेले होते आणि क्योतोच्या ट्रिप्सिनमध्ये ते नव्हते. म्हणजे कॅल्शियम हजर असताना चिकटण्याचे प्रथिन ट्रिप्सिनच्या तावडीतून वाचत होते. कॅल्शियम काढून घेताच त्याचे तुकडे होत होते. हा निष्कर्ष १९७७ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९८४ च्या सुमारास या प्रथिनाला कॅडहेरिन हे नाव मिळाले. बिघडलेल्या प्रयोगाचे कारण शोधले, म्हणून शोध लागला. गणित चुकले की पान फाडून टाकणाऱ्या मुलांनी हे लक्षात ठेवावे.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये फ्रांस्वा जेकब यांच्या प्रयोगशाळेत रॉल्फ केमलर आणि त्यांचे सहकारी उंदराच्या गर्भावर काम करीत होते. गर्भ आठ पेशींचा होतो तेव्हा सुट्या गोट्यांसारख्या दिसणाऱ्या त्या पेशी एकमेकींना घट्ट बिलगतात आणि गर्भ तुतीच्या फळासारखा दिसू लागतो. या शास्त्रज्ञांनी तयार केलेले एक प्रतिपिंड त्या पाण्यात घातले की पेशी बिलगेनात. त्या सुट्याच राहिल्या. प्रतिपिंडाने त्यांची पकड अडवली होती. ते ज्या प्रथिनाला जाऊन बसत होते तेही ई-कॅडहेरिनच निघाले. आपण सगळेच आईच्या पोटात मूठभर पेशींचे असताना याच प्रथिनाने पहिल्यांदा एकत्र धरले गेलो.

मघाशी प्रतिपिंड हा शब्द आला. त्याचा खुलासा करते. बाहेरचे काही द्रव्य शरीरात शिरले की शरीर त्याला ओळखणारे प्रथिन तयार करते. ते प्रतिपिंड. कुलपाला जशी एकच किल्ली लागते, तसे एक प्रतिपिंड सहसा एकाच खुणेला जाऊन बसते. मग कोणी विचार केला की या किल्लीलाच रंग बांधला तर? कुलूप कोठे आहे ते डोळ्यांना दिसेल. १९४१ साली अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चकाकणारे द्रव्य बांधून हे करून दाखवले. १९६६ च्या सुमारास चकाकीच्या जागी विकर, म्हणजे एन्झाइम, बांधण्याची पद्धत निघाली. त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही रंग दिसू लागला. १९७५ साली केंब्रिज येथे कोलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीचे, एकसारखे प्रतिपिंड हवे तितके तयार करण्याची युक्ती शोधली. तिच्यावर त्यांनी पेटंट घेतले नाही. १९८४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्ञान मोकळे सोडल्यामुळे ते जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचले. आज माझ्या टेबलावरील कुपीतही ते आहे.

आमच्या खोलीत होते ते असे. फॉर्मालिनमध्ये प्रथिने एकमेकांत जखडली जातात, त्यामुळे किल्लीला कुलूप सापडत नाही. म्हणून काचपट्टी विशिष्ट द्रावणात ठेवून चांगली तापवावी लागते. ही तापवण्याची पद्धत १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि जुन्या मेणाच्या वड्यांवरही काम करता येऊ लागले. पुष्कळ प्रयोगशाळांत त्यासाठी आपल्या स्वयंपाकघरातला प्रेशर कुकरच वापरतात. त्यानंतर ई-कॅडहेरिनला ओळखणारे प्रतिपिंड घालावयाचे. ते धुऊन, त्या प्रतिपिंडाला ओळखणारे दुसरे प्रतिपिंड घालावयाचे. त्याला विकर बांधलेले असते. शेवटी एक रसायन घातले की जेथे विकर आहे तेथे तपकिरी रंग उमटतो. बाकी केंद्रके निळी रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर निरोगी दुग्धनलिकेत प्रत्येक पेशीच्या कडेने तपकिरी रेघ दिसते, मधमाशीच्या पोळ्यासारखी. त्वचेत तशीच, आतड्यात तशीच, यकृतात तशीच. चरबीत, स्नायूत, रक्तातील लिंफ पेशींत मात्र ती नसते. त्या पेशींची नाती निराळ्या प्रथिनांनी जुळलेली असतात.

आता ज्यासाठी मी हे सर्व सांगते आहे तो भाग. स्तनाच्या कर्करोगाचे अनेक प्रकार आहेत. त्यातला सर्वांत नेहमीचा प्रकार दुग्धनलिकेसारखा घोळका करून वाढतो आणि बहुधा हाताला कठीण गाठ लागते. दुसरा प्रकार खंडिकीय. स्तनाच्या कर्करोगांपैकी साधारण दहा ते पंधरा टक्के या प्रकारचे असतात. त्यात बहुधा ई-कॅडहेरिन नाहीसे झालेले असते. हे प्रथिन बनवण्याची सूचना ज्या जनुकात असते, त्या सीडीएच-१ जनुकात बिघाड होतो. मग सफ मोडते. पेशी एकट्या-एकट्या, मुंग्यांसारख्या एकामागून एक, ऊतींच्या तंतूंमधून वाट काढीत जातात. त्यांचा घोळका होत नाही, म्हणून कित्येकदा गाठही हाताला लागत नाही. थोडी जाडी वाटते, कातडी ओढल्यासारखी दिसते, एवढेच. क्ष-किरणांच्या मॅमोग्राफीतही हा प्रकार चुकवून जाऊ शकतो.

आमच्या मोहल्ल्यात एक बाई होत्या. मी त्यांना खाला म्हणत असे. त्यांचे नाव सांगत नाही. त्यांना एका बाजूला जाडपणा जाणवत होता. त्यांनी आठ महिने कोणाला सांगितले नाही. कारण एक, लाज. दुसरे, आरोग्याच्या कार्यक्रमात त्यांनी ऐकले होते की गाठ लागली तर दाखवावे. आणि त्यांना गाठ लागत नव्हती. तिसरे, घरात मुलीचे लग्न ठरत होते. आपल्या घरातल्या बाया आजार कोणत्या तारखेला सांगावयाचा तेही सर्वांची सोय पाहून ठरवतात.

शेवटी एका लहान दवाखान्यात सुईने तुकडे काढले. ते फॉर्मालिनऐवजी सलाईनच्या कुपीत घातले गेले. मुलाच्या हाती कुपी दिली. त्याला कोणी काही सांगितले नाही. मध्ये सुट्टी आली. तो तिसऱ्या दिवशी एस.टी.ने ती घेऊन आमच्याकडे आला. तोवर तुकडे कुजू लागले होते. साध्या रंगात पेशी विरघळल्यासारख्या दिसत होत्या. वरिष्ठांनी ई-कॅडहेरिनचा रंग करावयास सांगितले. काचपट्टी माझ्या हातात आली. तपकिरी रंग कोठेच नव्हता. मी नवीन होते. मी मनात म्हटले, ई-कॅडहेरिन नाही, म्हणजे खंडिकीय; आणि रिपोर्ट लिहावयास घेतला.

आमच्याकडे एक तंत्रज्ञ बाई होत्या. बारावीनंतर डिप्लोमा केलेल्या, माझ्याहून वयाने मोठ्या. त्या मागून म्हणाल्या, "मॅडम, बाजूची चांगली नळी बघितली का?"

मी बघितली नव्हती. त्या कापाच्या कोपऱ्यात एक निरोगी दुग्धनलिका होती. तिच्यात तपकिरी रेघ दिसलीच पाहिजे होती. तीही कोरी होती. म्हणजे रोगाच्या पेशींत प्रथिन नव्हते असे सिद्ध होत नव्हते. तुकडाच खराब झाला होता आणि रंगच लागला नव्हता. आमच्या कामात याला साक्षी ऊती म्हणतात. साक्षीदार गप्प असेल तर न्यायाधीशाने निकाल देऊ नये.

खालांना पुन्हा सुई टोचावी लागली. त्यांचा मुलगा माझ्यावर चिडला. "अम्मीला परत त्रास कशासाठी? चूक कोणाची?" असे त्याने विचारले. चूक त्याची नव्हती, हे मी त्याला सांगितले. एवढेच माझ्या हाती होते. या वेळी तुकडे ताबडतोब फॉर्मालिनमध्ये घातले. नव्या काचपट्टीवर निरोगी नलिकेभोवती स्वच्छ तपकिरी रेघ होती, आणि तिच्या बाजूने एकामागून एक चाललेल्या पेशी कोऱ्या होत्या. खंडिकीय कर्करोग.

मुलांनो, येथे नीट लक्ष द्या. माझा पहिला रिपोर्ट गेला असता तर तो बरोबरच ठरला असता. पण तो योगायोगाने बरोबर ठरला असता. योगायोग म्हणजे इल्म नव्हे. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या आईचा तसाच खराब तुकडा आला असता आणि मी तसाच रिपोर्ट दिला असता, तर तो खोटा ठरला असता. उत्तर बरोबर असणे निराळे आणि ते आपल्याला ठाऊक असणे निराळे.

खाला त्यानंतर चार वर्षे जगल्या. मुलीचे लग्न झाले, नातू पाहिला. ते आठ महिने आणि दुसऱ्या तपासणीत गेलेले दिवस परत मिळाले असते तर त्या आणखी किती जगल्या असत्या, ते मला सांगता येत नाही. हे सांगता येत नाही म्हणूनच ते मला विसरता येत नाही.

कोणी विचारील, प्रकार कळून फरक काय पडतो? उपचार ठरतात ते रोग किती पसरला आहे यावर आणि संप्रेरकांची व हर-२ नावाच्या प्रथिनाची तपासणी काय सांगते यावर, हे खरे. पण खंडिकीय प्रकार कळला की शल्यविशारद दुसऱ्या स्तनाकडे अधिक लक्ष देतो, तपासणी कोणत्या यंत्रावर करावी ते ठरवतो, आणि पुढे रोग पोटाच्या पडद्यात किंवा आतड्यात उतरत नाही ना, याकडे डोळा ठेवतो. तरीही केवळ या एका रंगावर निकाल देऊ नये. काही खंडिकीय कर्करोगांत ई-कॅडहेरिन दिसते, पण ते नीट काम करीत नसते. तेव्हा सोबतच्या कॅटेनिन प्रथिनांचाही रंग करून पाहावा लागतो. पेशींची ठेवण आणि रंग, दोघांची साक्ष जुळली पाहिजे.

आता एक दूरची हकीकत सांगते. न्यूझीलंडमध्ये माओरी नावाचे मूळ रहिवासी आहेत. त्यांच्यातील एका मोठ्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या जठराच्या कर्करोगाने माणसे मरत होती. काही तर ऐन तारुण्यात. घराण्यावर शाप आहे, असेही बोलले जाई. आपल्याकडे नजर लागली म्हणतात तसेच. पण त्या घराण्यातील लोक तेथे थांबले नाहीत. ते स्वतः होऊन ओटागो विद्यापीठातील शास्त्रज्ञांकडे गेले. माओरी लोक आपली वंशावळ फार जपतात. कोण कोणाचा मुलगा, कोण कशाने गेला, हे सारे त्यांनी सांगितले. रक्ताचे नमुने दिले. आणि संशोधनात बरोबरीचे भागीदार झाले. पॅरी गिलफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली 'नेचर' या नियतकालिकात कारण प्रसिद्ध केले. बिघाड होता तो सीडीएच-१ जनुकात, म्हणजे ई-कॅडहेरिनच्याच जनुकात. आई किंवा वडील यांपैकी एकात तो असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. ज्यांना मिळाला त्यांच्यात जठराचा पसरट कर्करोग होण्याची शक्यता वाढते, आणि स्त्रियांत खंडिकीय स्तनकर्करोगाचीही. आज अशा कुटुंबांतील माणसे जनुक तपासून घेतात. ज्यांच्यात दोष आढळतो त्यांच्यावर नियमित लक्ष ठेवतात, आणि कित्येकजण रोग होण्याआधीच शस्त्रक्रियेने जठर काढून टाकतात. निर्णय कठीण आहे, पण तो आता त्यांच्या हाती आहे. असे घराणे क्वचित असते. प्रत्येक जठराचा किंवा स्तनाचा कर्करोग वंशपरंपरेचा नसतो, हेही सांगून ठेवते, नाहीतर उद्या स्थळे मोडावयाची.

या हकीकतीतून घेण्यासारखे काय? त्या घराण्याने आजार झाकून ठेवला असता तर मुलींची लग्ने कदाचित सोपी झाली असती. पण मरणे थांबली नसती.

आपल्या जवळचे एक उदाहरण देते. भारतातील स्त्रियांत सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. त्यातील निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका जात आणि ठराविक अंतराने स्त्रियांचे स्तन हाताने तपासत. यंत्र नाही, क्ष-किरण नाही. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या वस्त्यांत रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नास व त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत मृत्यूंमध्ये तशी घट दिसली नाही, तेही सांगितले पाहिजे. पण शिकवून तयार केलेल्या बाईच्या हाताने किती घरांतल्या आया वाचतात ते यावरून दिसते. अशा बाया आपल्या वस्तीतूनच निघावयास हव्यात. परक्या माणसापुढे संकोच वाटतो म्हणून तक्रार करावयाची आणि आपल्या मुलीला मात्र दहावीनंतर घरी बसवावयाचे, या दोन गोष्टी एका घरात कशा नांदतात?

पालकांनी चार व्यावहारिक गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली. गाठ लागली तरच दाखवावयाचे, असे समजू नये. एका बाजूला जाडपणा, कातडीला खळी पडणे, बोंड आत ओढले जाणे किंवा त्यातून रक्त येणे, काखेत अवधाण येणे, यांतले काहीही दोन-तीन आठवड्यांपेक्षा अधिक टिकले तर डॉक्टरांना दाखवावे. बहुतेक वेळा ते कर्करोग नसते. नसले तर आनंदच आहे.

दुसरी. तुकडा काढला की तो ताबडतोब फॉर्मालिनमध्ये गेला पाहिजे. सलाईन नव्हे, पाणी नव्हे, कोरडी कुपी नव्हे. फॉर्मालिन तुकड्याच्या निदान दहापट हवे. "यात फॉर्मालिन आहे ना?" एवढे नम्रपणे विचारण्यात कोणाचा अपमान नाही. कुपीवर संपूर्ण नाव, वय आणि नोंदणी क्रमांक लिहिलेला आहे का तेही पाहावे. आपल्यात एकाच नावाच्या बाया एकाच वॉर्डात दोन-दोन असतात, हे आपणांस सांगावयास नको.

तिसरी. मेणाची वडी आणि काचपट्ट्या टाकाऊ नसतात. वडी वर्षानुवर्षे टिकते. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावयाचे असेल तर ती मागून घेता येते. रिपोर्टाचा कागद जसा जपता तशी तिची पोचही जपा.

चौथी. डॉक्टरांनी घरात कोणाला कर्करोग झाला होता का असे विचारले तर खरे सांगा. आईकडचेही आणि वडिलांकडचेही. जनुके दोन्हीकडून येतात.

विद्यार्थ्यांना थोडेसे सांगून संपवते. आपल्या सभांत आपण पूर्वजांची नावे अभिमानाने घेतो. इब्न अल-हैथम यांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी प्रकाश व दृष्टी यांचे शास्त्र मांडले, वस्तूकडून येणारा प्रकाश डोळ्यांत शिरतो म्हणून ती दिसते हे दाखवले, आणि मोठ्यांचे म्हणणेही तपासून पाहावे असा आग्रह धरला. याचा मलाही अभिमान आहे. पण पूर्वजांच्या नावाने काचपट्टी रंगत नाही. ती आपल्यालाच रंगवावी लागते, आणि रंग लागला नाही तर तसे कबूल करावे लागते.

प्रत्येकाने डॉक्टरच व्हावे असे मी म्हणत नाही. डॉक्टरकीची जागा मिळाली नाही म्हणून दरवर्षी कित्येक हुशार मुले-मुली विज्ञान सोडून देतात. त्यांना माझे सांगणे आहे की बारावी विज्ञान शाखेनंतर वैद्यकीय प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञानाची पदविका आणि पदवी असते. त्या दिवशी खालांच्या काचपट्टीवरील चूक डॉक्टरने पकडली नाही. ती डिप्लोमा झालेल्या एका बाईने पकडली. तिने 'मॅडमना कसे बोलावे' असा संकोच केला असता, तर आज मी आपल्यापुढे ताठ मानेने उभी राहू शकले नसते.

या संस्थेने मला शिकवले ते पाठ्यपुस्तकातले पुष्कळसे मी विसरले. आमच्या विज्ञानाच्या सरांची एक सवय मात्र राहिली आहे. उत्तर बरोबर आले तरी ते विचारीत, "कसे आले?" तेव्हा राग येई. आता मी तोच प्रश्न रोज स्वतःला विचारते, कापाच्या कोपऱ्यातली निरोगी नलिका आधी पाहते, आणि मगच रिपोर्टावर सही करते.